बारामती-इंदापूर ते जेद्दा: अंतर किती, विमान किती तासांचं आणि घरातून निघायचं कधी?

उमराहचं तिकीट हातात आलं की घरात पहिला प्रश्न ठरलेला असतो, "किती तासांचा सफर आहे?" एजंट सांगतो, "पाच तास." अम्मी-अब्बांना वाटतं, चला, पाच तास म्हणजे बारामतीहून सोलापूरला जाऊन परत येण्याइतकंच. प्रत्यक्षात घराच्या दारातून निघून मक्केच्या हॉटेलात बॅग ठेवेपर्यंत वीस-एकवीस तास जातात. एजंट खोटं बोलत नाही. तो फक्त विमानाचे तास सांगतो, आणि विमान हा या प्रवासाचा जेमतेम चौथा हिस्सा आहे.

हा फरक आधी लक्षात आला नाही तर त्रास वयस्कर माणसांना होतो. गाडी उशिरा निघते, औषधांच्या वेळा चुकतात, विमानतळावर धावपळ होते, आणि कधी कधी विमानच सुटतं. म्हणून बारामती आणि इंदापूर तालुक्यातून जेद्दा, मदिना आणि दुबईला जाणाऱ्या कुटुंबांसाठी अंतर आणि वेळ यांचा हिशोब इथे एकत्र मांडला आहे. तिकिटाचे दर आणि विमानांच्या वेळा बदलत राहतात, त्या तिकीट काढताना बघाव्यात. अंतर आणि घड्याळांमधला फरक मात्र बदलत नाही.

सरळ रेषेतलं अंतर

बारामतीपासून मक्का मुकर्रमा सरळ रेषेत सुमारे ३,६५० किलोमीटर आहे. आपल्याकडून किब्ल्याची दिशा अगदी नाकासमोर पश्चिमेला नाही, पश्चिमेपासून उत्तरेकडे साधारण ११ ते १२ अंश झुकलेली आहे. मुंबईहून जेद्दाला जाणारं विमानही साधारण याच दिशेने निघतं. अरबी समुद्र ओलांडायचा, अरबस्तानचा वाळवंटी भाग पार करायचा आणि लाल समुद्राच्या काठावर उतरायचं.

विमानतळांमधली सरळ अंतरं अशी आहेत (सगळे आकडे सुमारे):

मुंबई ते जेद्दा: ३,५२० कि.मी.
मुंबई ते मदिना: ३,४७० कि.मी.
मुंबई ते रियाध: २,७७० कि.मी.
रियाध ते जेद्दा: ८५० कि.मी.
मुंबई ते दुबई: १,९३० कि.मी.
पुणे ते दुबई: २,०५० कि.मी.
दुबई ते जेद्दा: १,७०० कि.मी.

मदिना जेद्दापेक्षा थोडी जवळ आहे, हे पाहून बऱ्याच जणांना नवल वाटतं. पण फरक ५० किलोमीटरचाच आहे, म्हणजे विमानाच्या हिशोबात चार-पाच मिनिटं.

मग पाच तास का लागतात?

मोठं प्रवासी विमान उंचीवर गेल्यावर ताशी ८०० ते ९०० किलोमीटर वेगाने जातं. ३,५२० ला ८५० ने भागलं तर चार तास आणि वर काही मिनिटं येतात. तिकिटावर मात्र पाच ते साडेपाच तास असतात. हा जादाचा वेळ तीन गोष्टींत जातो.

पहिली, चढणं आणि उतरणं. सुरुवातीच्या आणि शेवटच्या टप्प्यात विमान पूर्ण वेगात नसतं. धावपट्टीपर्यंत रांगेत सरकण्याचा वेळही त्यातच मोजलेला असतो. दुसरी, वाट. विमान सरळ रेषेत उडत नाही, आकाशातल्या ठरलेल्या मार्गांनी थोडं वळण घेत जातं. तिसरी, वारा. इतक्या उंचीवर आपल्या पट्ट्यात, विशेषतः हिवाळ्यात, पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो. जाताना तो समोरून येतो, येताना पाठीमागून ढकलतो. म्हणून जेद्दाला जाताना ५ ते साडेपाच तास लागतात आणि परत येताना साडेचार ते ५ तास.

तिकिटावरची घड्याळं

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. तिकिटावर निघण्याची वेळ निघायच्या शहराची असते आणि पोहोचण्याची वेळ पोहोचायच्या शहराची.

उदाहरण घेऊ. मुंबईहून विमान रात्री ११:३० ला निघालं आणि सव्वापाच तास उडालं. आपल्या घड्याळात तेव्हा पहाटेचे ४:४५ झाले असतील. पण तिकिटावर जेद्दाची वेळ लिहिलेली असते २:१५. आता परतीचं बघा. जेद्दाहून दुपारी २ ला निघालेलं विमान पावणेपाच तासांनी उतरलं, तर सौदीच्या घड्याळात संध्याकाळचे ६:४५ झाले, पण मुंबईत रात्रीचे ९:१५. नुसते तिकिटावरचे आकडे वजा केले तर जायला २ तास ४५ मिनिटं आणि यायला ७ तास १५ मिनिटं दिसतात. दोन्ही आकडे फसवे आहेत.

खरा वेळ काढायची सोपी युक्ती आहे. जाण्याचा आणि येण्याचा, दोन्ही दिसणारे वेळ मिळवा आणि निम्मे करा. २:४५ आणि ७:१५ मिळून १० तास, निम्मे ५ तास. हा सरासरी खरा वेळ. घड्याळांमधला फरक आपोआप कटतो. दोन्ही विमानं थेट असतील तरच हा हिशोब चालतो, एवढं लक्षात ठेवा.

घड्याळात फरक का पडतो, हे शाळेच्या भूगोलात आहे. मुलांना जवळ बसवून हे गणित सोडवून घ्या. पृथ्वी एक रेखांश फिरायला ४ मिनिटं घेते. भारताचं घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर लावलेलं आहे, सौदीचं ४५ अंशावर. फरक ३७.५ अंश. त्याला ४ ने गुणलं की १५० मिनिटं, म्हणजे अडीच तास. दुबईचं घड्याळ ६० अंशावर आहे. तिथला फरक २२.५ अंश, म्हणजे ९० मिनिटं, दीड तास. भारतात सकाळचे १० वाजलेले असताना दुबईत साडेआठ आणि जेद्दात साडेसात वाजलेले असतात.

तारखेचा घोळ

घड्याळापेक्षाही महाग पडतो तो तारखेचा घोळ. विमान "शुक्रवार, रात्री १२:४०" चं असेल तर घरातून कधी निघायचं? अनेक जण शुक्रवारी जुमा पढून निघायची तयारी करतात. तोपर्यंत विमान जाऊनही बारा तास झालेले असतात. शुक्रवारी १२:४० म्हणजे गुरुवारची रात्र. बारामतीतून निघायचं ते गुरुवारी दुपारी.

आपल्या घरांत हा घोळ व्हायला एक कारणही आहे. आपली चांद्र तारीख मगरीबनंतर बदलते, जुमेरातची संध्याकाळ झाली की आपण "जुम्म्याची रात" म्हणतो. विमान कंपनीची तारीख मात्र रात्री बाराला बदलते. त्यामुळे रात्री १२ ते पहाटे ५ यांमधलं कुठलंही तिकीट असेल तर कॅलेंडरवर दोन खुणा करा. एक विमानाच्या तारखेवर, आणि दुसरी, जास्त ठळक, घरातून निघायच्या आदल्या दिवसावर.

बारामती आणि इंदापूरहून मुंबईपर्यंत

बारामतीत धावपट्टी आहे, पण तिथे वैमानिकांचं प्रशिक्षण चालतं आणि खाजगी विमानं उतरतात. तिकीट काढून बसता येईल अशी सेवा तिथे नाही. पुरंदरचा विमानतळ अजून व्हायचा आहे. म्हणून जेद्दा आणि मदिनासाठी आपल्या भागातले बहुतेक लोक मुंबईच धरतात.

बारामती ते पुणे सुमारे १०० किलोमीटर, पुणे ते मुंबई सुमारे १५०. म्हणजे एकूण २५० च्या आसपास. इंदापूर सोलापूर महामार्गावर आहे. तिथून पुणे सुमारे १४० आणि मुंबई सुमारे २९० किलोमीटर. कागदावर इंदापूरकरांना ४० किलोमीटर जास्त दिसतात, पण सुरुवातीपासून चौपदरी रस्ता मिळत असल्याने वेळेतला फरक तासाभराचाच राहतो.

बारामतीहून पुण्याकडे जायच्या दोन वाटा आहेत. एक पाटसला सोलापूर महामार्गाला लागून यवत, हडपसरमार्गे. दुसरी मोरगाव, जेजुरी, सासवड, दिवे घाटमार्गे. दिवे घाट उतरल्यावर मंतरवाडीहून कात्रजकडे वळता येतं, हडपसरमधून शहरात शिरावं लागत नाही. पुढे द्रुतगती मार्ग, खंडाळ्याचा घाट, पनवेल आणि मग मुंबईची गर्दी. गाडी न थांबता चालली तरी बारामती ते सहारचा आंतरराष्ट्रीय टर्मिनल सहा-साडेसहा तास धरावेत. जेवण, नमाज आणि बुजुर्गांना पाय मोकळे करायला एक तास. वाटेतल्या अडचणींसाठी आणखी एक तास. म्हणजे साडेआठ तास.

हा शेवटचा जादा तास आपल्या भागात सोडून चालत नाही. त्याची कारणं सगळ्यांना ठाऊक आहेत. ऊस हंगामात, म्हणजे दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन फेब्रुवारी-मार्चपर्यंत, दुहेरी ट्रॉलीचे ट्रॅक्टर आणि बैलगाड्या रस्त्यावर असतात, त्यांच्या मागे गाडी अर्धा-अर्धा तास अडकते. आषाढी वारीत तुकोबांची पालखी यवत, वरवंड, उंडवडी, बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर अशी आपल्याच वाटेने जाते आणि ज्ञानोबांची पालखी दिवे घाटातून सासवड-जेजुरीकडे. त्या दिवसांत वाहतूक वळवलेली असते. जून-जुलैचं तिकीट असेल तर पालखीचा मुक्काम त्या दिवशी कुठे आहे ते आधी बघा. पावसाळ्यात घाटात दरड किंवा धुकं, शनिवार-रविवारी लोणावळ्याची गर्दी, आणि संध्याकाळी ५ ते ९ मुंबईतलं ट्रॅफिक, हे वेगळंच.

रेल्वेने जायचं असेल तर बारामतीकरांना दौंड जंक्शन आणि इंदापूर तालुक्यातल्या लोकांना भिगवण किंवा दौंड सोयीचं. दौंड ते मुंबई रेल्वेने सुमारे २७० किलोमीटर आहे. खर्च कमी होतो, घाटातला ट्रॅफिक टळतो. पण दादर किंवा कल्याणला सामानासह उतरून पुन्हा टॅक्सी करावी लागते. दोन मोठ्या बॅगा आणि गुडघेदुखीची अम्मी सोबत असेल तर गाडीच बरी.

एक नवी गोष्ट. मुंबईच्या बाजूला आता दोन विमानतळ आहेत. सहारचा छत्रपती शिवाजी महाराज विमानतळ आपल्या ओळखीचा. दुसरा नवी मुंबईचा, पनवेलजवळ उलव्याला, ज्याचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तिथून विमानं उडू लागली. तिकिटावर फक्त "मुंबई" वाचून थांबू नका. बीओएम असं लिहिलं असेल तर सहार, एनएमआय असेल तर नवी मुंबई. चुकीच्या विमानतळावर पोहोचल्यावर दुसऱ्या विमानतळापर्यंत जायला मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये दीड-दोन तास सहज जातात.

उलटा हिशोब

आता सगळं एकत्र मांडू. विमान गुरुवारी रात्री ११:३० चं आहे असं धरा. हिशोब विमानापासून घराकडे, उलट्या दिशेने करायचा.

रात्री ११:३०: विमान निघतं.
रात्री १०:३०: सामान घेणारा काउंटर बंद होतो. आंतरराष्ट्रीय प्रवासात तो साधारण ६० ते ७५ मिनिटं आधी बंद होतो. त्यानंतर विमान समोर उभं असलं तरी बसता येत नाही.
संध्याकाळी ७:३०: विमानतळावर पोहोचलेलं असावं. कंपन्या तीन तास आधी यायला सांगतात. ग्रुप असेल, व्हीलचेअर लागणार असेल तर चार तास.
सकाळी ११:००: बारामतीतून गाडी निघाली पाहिजे.
सकाळी १०:००: इंदापूरहून गाडी निघाली पाहिजे.

पुढचाही हिशोब बघा. सौदी वेळेनुसार २:१५ ला विमान जेद्दाला उतरलं. इमिग्रेशन आणि सामान यांत दीड-पावणेदोन तास गेले, ४ वाजले. जेद्दा विमानतळ ते मक्का बसने साधारण दीड तास, म्हणजे ५:३०. त्या वेळी बारामतीत सकाळचे ८ वाजलेले असतील. गुरुवारी ११ ला निघालेला माणूस शुक्रवारी ८ ला पोहोचला, म्हणजे २१ तास. त्यातले हवेत सव्वापाच. उरलेले पावणेसोळा तास गाडी, रांग आणि थांबण्यात गेले.

आपल्या हातात जे आहे ते या पावणेसोळा तासांत आहे. विमानाचा वेळ आपण बदलू शकत नाही. पण आदल्या रात्री पुरेशी झोप, डबा, चप्पल, पाण्याची बाटली, औषधांची वेगळी पिशवी, हे सगळं आपल्याच हातात असतं. मधुमेह असणाऱ्यांनी घड्याळ अडीच तास मागे जाणार आहे हे डॉक्टरांना सांगून इन्सुलिन आणि गोळ्यांच्या वेळा कागदावर लिहून घ्याव्यात. इन्सुलिन डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या बॅगेत ठेवायचं, मोठ्या सामानात टाकायचं नाही.

हज कमिटीमार्फत जाणाऱ्यांचा हिशोब थोडा वेगळा. महाराष्ट्रातून मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथून हजची विमानं निघत आली आहेत, आपल्या भागासाठी मुंबई जवळची. तिथे विमानाच्या वेळेवरून नाही, रिपोर्टिंगच्या दिवसावरून आणि वेळेवरून उलटा हिशोब करायचा.

थेट की थांबा घेऊन?

थांबा घेणारं तिकीट बऱ्याचदा स्वस्त पडतं. रियाधमार्गे गेलात तर एकूण अंतर ३,६२० किलोमीटर, थेटपेक्षा फक्त १०० जास्त. पण वेळ अंतरावर ठरत नाही, थांब्यावर ठरतो. मधे पाच-सहा तास थांबावं लागलं तर २१ चे २७ तास होतात. तरुण माणसाला हे चालतं. सत्तरीच्या दादी-नानांना बाकावर बसून रात्र काढायला लावायची का, हे वाचलेले पैसे हातात घेऊन घरातल्यांनी एकदा ठरवावं.

दुबईला नोकरीसाठी जाणाऱ्या मुलांसाठी वेगळं गणित आहे. पुणे ते दुबई हे अंतर मुंबई ते दुबईपेक्षा १२० किलोमीटरने जास्त आहे, हवेत दहा-पंधरा मिनिटं जादा. मुंबईहून तीन-सव्वातीन तास, पुण्याहून सव्वातीन-साडेतीन. पण रस्त्यावरचे १५० किलोमीटर वाचतात, म्हणजे तीन-चार तास आणि गाडीभाडं. लोहगावचं थेट विमान सोयीच्या दिवशी मिळत असेल तर तिकीट थोडं महाग असलं तरी एकूण खर्च मांडून बघा. अनेकदा पुणेच परवडतं.

अंतर, नमाज आणि रोजा

अंतराचा प्रश्न आपल्या इबादतीलाही लागून आहे. हनफी मसलकात शरई सफरचं अंतर ४८ मैल सांगितलं जातं. आजच्या मापात काही उलमा ते ७७-७८ किलोमीटर धरतात, काही ९२ किलोमीटर. बारामती ते इंदापूर सुमारे ५० किलोमीटर, तिथे कसर नाही. बारामती ते मुंबई दोन्ही हिशोबांनी शरई सफर आहे, आणि आपल्या गावाची वस्ती मागे पडल्यापासून मुसाफिरचे अहकाम सुरू होतात. शाफई मसलकाचे तपशील वेगळे आहेत, ते आपल्या इमाम साहेबांना विचारावेत.

मीकातचा मुद्दाही अंतराचाच आहे. पूर्वी हाजी मुंबईहून जहाजाने जायचे. एडनकडून वळसा घालून लाल समुद्रात शिरावं लागायचं, त्यामुळे तो मार्ग ४,३०० किलोमीटरच्या आसपास होता आणि आठवडाभर किंवा जास्त लागायचा. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात दिवस काढून लोक जहाजावर चढायचे. १९९५ नंतर हजची जहाजं बंद झाली. जहाज यलमलमच्या समोर आलं की सांगितलं जायचं आणि लोक सावकाश गुस्ल करून एहराम बांधायचे. म्हणून जुन्या लोकांच्या तोंडी यलमलमच आहे. विमान बहुतेक वेळा वरून, तायफच्या बाजूने, करनुल मनाजिलजवळून येतं. मिनिटाला सुमारे १४ किलोमीटर या वेगात मीकात कधी मागे पडली ते कळत नाही. उतरायला अर्धा तास असताना ती ओलांडली जाऊ शकते. म्हणून एहरामचे कपडे घरी किंवा मुंबई विमानतळावर घालून घ्यावेत, आणि नीयत व तल्बिया उतरण्याच्या किमान तासभर आधी करावी. आधी मदिनाला जाणाऱ्यांनी हे करायची गरज नाही. ते मदिनाहून मक्केला निघताना जुल-हुलैफाहून, म्हणजे अब्यार अलीहून एहराम बांधतात. मदिना ते मक्का सुमारे ४५० किलोमीटर आहे, २०१८ पासून तिथे हरमैन रेल्वेही धावते.

रमजानमध्ये जाणाऱ्यांसाठी आणखी एक. बारामती आणि जेद्दा यांच्यात सुमारे ३५ रेखांशांचा फरक आहे, म्हणजे सूर्य तिथे साधारण २ तास २० मिनिटं उशिरा मावळतो. बारामतीत सहेरी करून दिवसाच्या विमानाने गेलात तर साडेतेरा तासांचा रोजा सुमारे सोळा तासांचा होतो. विमानात बारामतीच्या वेळापत्रकाने इफ्तार करायचा नाही, खिडकीतून सूर्य दिसत असेपर्यंत थांबायचं. मुसाफिरला रोजा नंतर ठेवायची सवलत आहे. आजारी आणि वयस्कर माणसांनी ती घ्यायला संकोच करू नये.

परतीच्या रात्री

जायच्या दिवशी सगळं घर जागं असतं, काळजी घेतली जाते. परतीला ढिलाई येते. विमान रात्री ९:१५ ला उतरलं तर हाजी बाहेर यायला साडेदहा-अकरा होतात. जमजम आणि सामान चढवून गाडी निघेपर्यंत साडेअकरा. बारामतीला पहाटे पाच-साडेपाच, इंदापूरला सहा-साडेसहा. गाडी चालवणारा दुपारी बारामतीतून निघालेला असतो आणि पहाटे ३ ते ५ या डुलकीच्या वेळेत तोच सोलापूर महामार्गावर असतो. शेजारी बसलेले सगळे झोपलेले. मुबारक सफरची अखेर अशी होऊ द्यायची नाही. दोन चालक घ्या, किंवा पनवेल-पुण्यात नातेवाइकांकडे रात्र काढून फज्र पढून निघा. घरी वाट बघणाऱ्यांनी "कुठवर आलात, लवकर या" असे फोन करू नयेत. स्वागताचे हार चार तास उशिरा घातले तरी काही बिघडत नाही.

घरात लावायचा कागद

तिकीट आल्यावर एका कोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरात पाच ओळी लिहा आणि फ्रिजवर चिकटवा:

१. घरातून निघायचा वार, तारीख आणि वेळ.
२. विमानतळाचं पूर्ण नाव आणि टर्मिनल.
३. काउंटर बंद होण्याची वेळ.
४. पोहोचण्याची वेळ, तिथल्या आणि आपल्या दोन्ही घड्याळांनुसार.
५. परतीच्या दिवशी घ्यायला कोण येणार आणि गाडी कोण-कोण चालवणार.

पहिली ओळ सगळ्यात शेवटी लिहायची, बाकीच्या चारींवरून उलटा हिशोब करून. आठवी-नववीतलं मूल हे गणित सहज करतं. ते त्याच्याकडूनच करून घ्या आणि मोठ्यांनी एकदा तपासा. अल्लाह तआला सगळ्यांचा सफर आसान करो आणि प्रत्येकाला सहीसलामत घरी आणो.